तळवे

मी वळलो, एवढंच झालं. पालघरच्या कचेरीच्या माडीवर, दाराबाहेर चपला काढून, भिंतीकडे तोंड करून मी उभा होतो. भिंतीत एक खिळा होता आणि त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. त्या खिळ्याकडे बघत राहा, असं डॉक्टरांनी हातानं दाखवलं होतं आणि मी इमानेइतबारे बघत होतो. मग मी वळलो. का वळलो ते मला तेव्हा कोणी मारून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. बघतो तर डॉक्टरांच्या बुटांपाशी औजारांची लोखंडी पेटी पडलेली, झाकण उघडं, आणि डॉक्टर पेटीकडे न बघता माझ्याकडे बघताहेत. रागावलेले नव्हते. पत्ते खेळताना शेजाऱ्याचं पान दिसलं की माणूस जसा गप्प होतो तसे ते झाले होते. टेबलाच्या कडेला हेडक्लार्क सावे भाऊसाहेब उभे होते, त्यांनी मान खाली घातली. डॉक्टर खुर्चीवर बसले, टाक बुडवला आणि कागदावर एक ओळ लिहिली. ओळ लांब नव्हती. तिचा अर्थ भाऊसाहेबांनी मला बाहेर आल्यावर माझ्याच दगडी पाटीवर लिहून दाखवला. दादू पागधरे, रस्त्यांच्या खात्याचा कायम नोकर, याला ऐकू येतं. आणि ऐकू येत असूनही हा बहिरा म्हणून पेन्शन मागतो. लिहून झाल्यावर त्यांनी ते आपल्याच बाहीनं पुसलं. माणूस चांगला, नाही तर कोण बाही खराब करतो.

आता गोष्ट अशी की मला ऐकू येत नाही. अजिबात नाही, दोन्ही कानांनी नाही. तारापूरला समुद्राकाठी अणूच्या विजेचा कारखाना निघाला, बोईसरपासून तिकडे मोठाले ट्रक जायला लागले, आणि रस्त्याला खडी हवी म्हणून आमच्या खात्यानं कुंभवलीच्या पलीकडची एक टेकडी फोडायला घेतली. तिथं मी बावटेवाला होतो. सुरुंग पेटवायच्या आधी रस्त्याच्या वळणावर उभं राहायचं, लाल बावटा धरायचा, शिट्टी मारायची, बैलगाड्या, ट्रक, मोळीवाल्या बायका सगळ्यांना थोपवायचं. शिट्टी माझी, हुकूम माझा. मोठ्या साहेबाची जीपसुद्धा माझ्या बावट्यासमोर थांबायची. मच्छीमाराच्या पोरानं सातवी पास होऊन सरकारी शिट्टी गळ्यात घातली याचं दांड्याला फार कौतुक होतं. दांडा म्हणजे माझं गाव, केळव्याच्या नारळीबागा संपतात तिथं, खाडीच्या तोंडाशी. तर एका दुपारी एका सुरुंगानं माझ्या शिट्टीची वाट बघितली नाही. मी बावटा धरायच्या आधी सुरुंगाजवळच्या माणसांना हाकलायला वर गेलो होतो. माणसं लांब गेली, मी श्वास भरून घेतला, शिट्टी ओठांत धरली, आणि तो आपला आपण उडाला. दगड एकही लागला नाही. कानांतून थोडं रक्त आलं, पोरांचे कान टोचताना येतं तेवढंच. त्यानंतर जगातले सगळे आवाज गेले आणि ती न वाजलेली शिट्टी तेवढी राहिली. ती अजून वाजते आहे. जेवताना वाजते, माझी बायको नलू बोलते तेव्हा तिच्या तोंडावरून वाजते. मी शिट्टी मारायचो तेव्हा लोक तोंड वाकडं का करायचे ते मला आता कळलं.

भाऊसाहेबांनीच पेन्शनचं सुचवलं होतं. नोकरीवर असताना कान गेले, नोकरी आता जमणार नाही, खात्याच्या नियमात अशा माणसाला निवृत्ती आहे. फक्त सरकारी डॉक्टरांसमोर उभं राहायचं आणि खरं ते दाखवायचं. खरं दाखवायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. खोटं दाखवायला कसब लागतं. मी अंगात धुतलेला सदरा घातला, केसांना तेल लावलं, माडीचा जिना चढलो आणि दारात चपला काढल्या. चपरासी हसला, कारण तिथं सगळे चपला-बुटांसकट आत जातात. पण आमच्यात होडीवर पायताण घालून चढणारा माणूस जन्माला आलेला नाही. जिच्यावर पोट चालतं तिच्यावर चामडं ठेवायचं नाही. साहेबाच्या खोलीवर माझं पोट चालत होतं. मी अनवाणी आत गेलो आणि सागाच्या लांबच लांब फळ्यांवर उभा राहिलो. फळ्या गार होत्या, हे मला चांगलं आठवतं. पुढं कित्येक दिवस मला त्या खोलीतलं सगळं आठवत होतं, खिळा, टाक, डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ, आणि एवढं आठवूनही मी का वळलो तेवढं आठवत नव्हतं.

खाली चिंचेच्या झाडाखाली नलू सुक्या बोंबलांची रिकामी पाटी घेऊन बसली होती. तिनं भुवया उडवल्या. आमचं फारसं अडत नाही. दोन होड्यांच्या मध्ये पाणी आणि वारा असतो, तिथं माणसं तोंड मोठं करून आणि हातांनीच बोलतात, ते आम्ही दोघं लहानपणापासून बघत आलो. मी तिला म्हणालो, वळलो. तिला काही कळलं नाही. मी परत म्हणालो, त्यांनी माझ्यामागं पेटी टाकली आणि मी वळलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एक क्षणभर, मी शपथेवर सांगतो, तिच्या डोळ्यांत आशा आली. ऐकू आलं तुला? असं तिचे ओठ म्हणाले. मला तिच्या त्या आशेचा इतका राग आला की बोईसर येईपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून बसलो. पाठ केली की माझ्याशी कोणाला बोलता येत नाही. ही एक सोय मला नवीनच मिळाली होती.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवायला लागलो. आमची खोली बोईसरला बाजाराच्या मागं होती, शेणानं सारवलेल्या जमिनीची, आणि तिथं मी नलूला सांगायचो, माझ्यामागं तांब्या टाक. ती टाकायची. मी वळायचो नाही. पण मग वाटायचं, टाकणार आहे हे माहीत असल्यामुळे तर वळलो नाही? तिला सांगितलं, न सांगता टाक. तिनं न सांगता टाकला आणि मी वळलो. पण तेव्हा दारातून ऊन येत होतं आणि तिचा हात भिंतीवर हललेला मला दिसला होता, की दिसला नव्हता? तांब्याला पोचे पडले. आपल्या डोक्यातली गोष्ट आपल्याला ठाऊक असते असं माणूस धरून चालतो. मला ते धरून चालता येईना. कोणी सांगावं, कुठंतरी आत, शिट्टीच्या मागं, मला ऐकू येत असेल आणि मीच ते दाबून ठेवत असेन. नोकरीला कंटाळलो असेन. सुरुंगाला भ्यायलो असेन. डॉक्टर शिकलेले, त्यांना माझ्यातला हा दुसरा दादू दिसला असेल, जो लबाड आहे आणि ज्याला सगळं ऐकू येतं. मी आरशात त्या दुसऱ्याकडे बघायचो. दाढी करताना तो कान माझ्याकडे करतोय असं वाटायचं. त्या दिवसांत मला माणसांचा नाही, स्वतःचाच संशय यायचा, आणि तो फार वाईट असतो, कारण त्याच्यापासून उठून दुसरीकडे जाता येत नाही.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. चहाच्या दुकानात कारखान्याच्या कामावरची परमुलखातली माणसं बसायची, त्यांना हा खेळच मिळाला. मी चहा घेत असलो की मागून काहीतरी म्हणायचे. काय म्हणायचे ते मला समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. समोरचा हसला की मागचा बोलला. एकदा एकानं माझ्यापुढं येऊनच तोंड मोठं करून विचारलं, बहिरा है या बनता है? मी म्हणालो, ते मलाच बघायचं आहे. माझ्याही नकळत मी इतक्या मोठ्यानं बोललो असेन की दुकानदारानं हातातली किटली खाली ठेवली. माझा आवाज केवढा निघतो हे मला कळत नाही. तो माझ्यातून निघतो आणि लोकांच्या तोंडावर दिसतो. नलू म्हणते, हळू बोलायला गेलास की कोणाला ऐकू जात नाही, आणि नीट बोलायला गेलास की गाव गोळा होतो.

खात्याचा हुकूम आला. कामाला लायक, ताबडतोब हजर व्हावं, न आल्यास खोट्या आजाराबद्दल नोकरीवरून कमी करण्यात येईल. मी हजर झालो. खात्याचे जाड बूट पायांत चढवले, बोईसरच्या नाक्यावरच्या मोच्यानं ट्रकच्या टायरचे तळ मारून दिलेले, कारण खाणीत फुटक्या दगडांच्या कपच्या चपलेला भीक घालत नाहीत. गळ्यात शिट्टी, हातात बावटा. ओव्हरसियरनं हातानं खूण केली, जा वळणावर. बहिरा बावटेवाला! याच्यावर हसायला हरकत नाही, मी स्वतः हसलो असतो. सुरुंगवाला वरून ओरडून सांगतो की पेटवतोय, मग बावटेवाल्यानं शिट्टी मारायची, मग त्यानं पेटवायचं, असा ठरलेला क्रम. आता वरचा ओरडायचा आणि खाली मी उन्हात उभा, त्याच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत. त्याच्याकडे बघावं तर रस्त्याकडे पाठ, रस्त्याकडे बघावं तर त्याच्याकडे पाठ. जिवल्या नावाचा डोंगरातला एक माणूस खाणीत दगड फोडायचा, त्यानं आपणहून ठरवलं की वरचा ओरडला की आपण दादूच्या पायाशी बारीक खडा मारायचा. सगळा कारभार त्या खड्यावर चालला होता आणि खात्याला वाटत होतं की शिट्टीवर चाललाय.

मग तो दिवस आला. खडा आला, मी वर बघून शिट्टी मारली, वरच्यानं वात पेटवली आणि डोंगराआड पळाला. मी बावटा धरून खाणीकडे तोंड करून उभा. माझ्या मागून, मी जिथं बघत नव्हतो तिथून, सोमी गवताचा भारा घेऊन आली. गवतवाली सोमी, रोजची, डोक्यावर भारा असला की तिला पुढची चार पावलं दिसतात तेवढीच. ती मला म्हणाली असेल, जाऊ का रं? मी काही बोललो नाही म्हणजे जा, असं तिनं धरलं. माझ्या बाजूनं ती पुढं निघून गेली तेव्हा आधी मला गवताचा वास आला आणि मग तिची पाठ दिसली. मी ओरडलो असेन. जिवल्या आडोशातून बाहेर धावत आलेला दिसला, त्यानं भाऱ्यासकट तिला खाली ओढलं, आणि मग माझ्या छातीवर तो धक्का बसला, आवाज नसलेला. दगड गवतावर पडले, तिच्यावर पडले नाहीत. सोमी उठली, तिनं पदर झटकला आणि माझ्यासमोर येऊन मला शिव्या दिल्या. एकही शब्द कळला नाही आणि सगळ्या शिव्या कळल्या. ती बाई आज जिवंत आहे ती जिवल्यामुळे. माझ्या भरवशावर राहिली असती तर गेली होती. मी बावटा गुंडाळला, ओव्हरसियरच्या टेबलावर ठेवला, वर शिट्टी ठेवली. तो बरंच काही बोलत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

नोकरी गेली असं धरूनच मी नलूबरोबर दांड्याला गेलो. तात्या, माझा थोरला भाऊ, त्यानं त्या साली होडीला इंजिन बसवून घेतलं होतं आणि ते बघायला ये म्हणून निरोपावर निरोप येत होते. होडी खाडीत नांगरलेली होती. किनाऱ्यावर बायका बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या, त्यांनी मला बघून आपसात काही म्हटलं, मी बघितलं नाही. बूट काढून वाळूत ठेवले. कमरेइतक्या पाण्यातून जाऊन होडीवर चढलो आणि पुढच्या बाजूला, नाळीपाशी, तात्याकडे पाठ करून बसलो. मला कोणाशी बोलायचं नव्हतं. पाणी शांत होतं. खाडीच्या पलीकडे माकुणसारकडच्या बाजूला कोणी चूल पेटवली होती, धूर सरळ वर चालला होता. मी त्या धुराकडे बघत होतो, भिंतीतल्या खिळ्याकडे बघावं तसा. आणि मी वळलो.

तात्यानं इंजिन चालू केलं होतं. मला त्याचं तोंड दिसलं, हसत होता, कसं आहे म्हणून विचारत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग मी खाली बघितलं. माझे पाय फळ्यांवर होते, ओले, बोटं फाकलेली, आणि पायांतून घोट्यांपर्यंत, घोट्यांतून गुडघ्यांपर्यंत ते इंजिन चढत होतं. मी तात्याला हातानं म्हणालो, बंद कर. त्यानं बंद केलं. गेलं. चालू कर. आलं. त्याला वाटलं असेल, कानाबरोबर याचं डोकंही गेलं. मी त्याला म्हणालो, मागं जा आणि टाचेनं फळीवर हळूच मार, मी बघणार नाही. त्यानं मारलं आणि ते मला असं आलं की जणू कोणी पोटरीला बोट लावलं. नंतर त्यानं टाळ्या वाजवल्या म्हणे, दोन्ही हात वर करून, बोंबललाही म्हणे; किनाऱ्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी आपला धुराकडे बघत बसलेला.

तिथंच मला बाबा आठवला. इतके दिवस तो आठवायला हवा होता आणि आठवत नव्हता. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, त्याचा थवा आला की होडीच्या पोटाखाली कण्हल्यासारखं होतं. बाबा वल्हं पाण्यात उभं धरायचा आणि त्याच्या दांड्याला कान लावायचा, डोळे मिटून. सगळ्यांनी गप्प राहायचं. मीही एकदा कान लावला, मला काही ऐकू आलं नाही, आणि कंटाळून मी टाचा आपटत बसलो. बाबानं डोळे न उघडता माझा पाय धरला आणि फळीवर दाबून ठेवला. "पाय नको आपटू. पाय ठेव आनि गप रे. समदं येते." मी पाय ठेवला आणि खरोखरच आलं, गुदगुल्या केल्यासारखं, आणि मी हसलो म्हणून मार खाल्ला. बाबाचा हात खरखरीत होता, मिठानं फुटलेला. तो हात माझ्या पावलावर आत्ता असल्यासारखा मला लागला आणि मी नाळीपाशी बसून रडलो, मोठ्यानं रडलो असेन, मला काय ठाऊक. दुःखानं नाही. मी लबाड नव्हतो. माझ्यात दुसरा दादू नव्हता, एकच होता आणि त्याचे पाय त्याच्या बापाचे होते. गेले कित्येक दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं आणि मला एकदम भूक लागली. नलूनं सांगितलेलं खरं असेल तर त्या दिवशी मी वहिनीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्यांची चळत संपवली.

सावे भाऊसाहेबांनी दुसऱ्या तपासणीसाठी खटपट केली. सोमीच्या प्रसंगाचं त्यांनी वर लिहिलं, ओव्हरसियरच्या विरुद्ध जाऊन लिहिलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्याचे टोमणे ऐकले. मी त्यांना पायांचं काहीच सांगितलं नव्हतं. सांगून कोणाला पटतं? नलूला मात्र सांगितलं होतं, आणि माडीवर जायच्या दिवशी सकाळी तिनं खात्याचे बूट पुसून माझ्यापुढं ठेवले. मी म्हणालो, साहेबाच्या खोलीत बूट घालून जायचं? बाबा वरून काय म्हणेल? ती बोटानं बुटांकडेच दाखवत राहिली. मग तिनं ओठ नीट फाकवून सांगितलं, "मान नंतर दे. आदी खरं दाखव." ही बाई शाळेत गेली असती तर आमच्या सगळ्या खात्याला तिनं रांगेत उभं केलं असतं.

तीच खोली, तोच खिळा, तेच डॉक्टर. मी बुटांनी धपाधपा आत गेलो असणार, कारण चपरासी दचकला. डॉक्टरांनी पेटी टाकली असावी. घंटाही वाजवली असावी. मी खिळ्याकडे बघत होतो आणि माझ्या टायरच्या तळांखाली जग मेलेलं होतं. बऱ्याच वेळानं ते स्वतःच माझ्यापुढं आले. हातात माझी पाटी होती, तिच्यावर लिहिलेलं: मागल्या वेळी वळलास, आज नाही. कोणी शिकवून पाठवलं? त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आताही नव्हता, कंटाळा होता, आणि कंटाळा रागापेक्षा वाईट. भाऊसाहेब टेबलाच्या कडेला घामाघूम. मला कळत होतं की आता मी जे बोलेन त्याच्यावर सगळं आहे. मी खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

"सायेब, परत टाका पेटी," असं मी अनवाणी उभा राहून म्हणालो. खिळ्याकडे तोंड केलं. त्यांनी टाकली, आणि मी वळलो. "आता घंटा हातात वाजवा. पाय हलवू नका." मी पुन्हा खिळ्याकडे तोंड केलं. काही आलं नाही. भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं की डॉक्टरांनी जागेवरूनच हात लांबवून घंटा माझ्या कानाशी नेऊन वाजवली, माझ्या बापाच्या नावानं हाक मारली, मग इंग्रजीत बरंच बोलले, आणि शेवटी थकून, कोणाला दिसेल न दिसेल असा, बुटाचा चवडा नुसता फळीवर दाबला. मी हात वर केला. ते दुसऱ्या फळीवर गेले, पुन्हा दाबला. मी हात वर केला. मग फळ्यांतून बराच वेळ काहीच आलं नाही. मी वळून बघितलं तर ते जिथल्या तिथं उभे होते आणि आपल्या पायांकडे बघत होते, पाय आजच फुटल्यासारखे. मला माझी लाज राहिली नव्हती आणि त्यांची भीती राहिली नव्हती. मी म्हणालो, "सायेब, तुमी उबं रावा इथं. बूट काडा. कानात कापूस घाला."

भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले. हेडक्लार्कच्या सबंध नोकरीत असं वाक्य त्या माडीवर बोललं गेलं नसेल. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग जाऊन दार लावून घेतलं. खुर्चीवर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले. पाय गोरे होते, मऊ, आत ठेवलेल्या वस्तूसारखे. पेटीतला कापूस घेऊन दोन्ही कानांत ठासला, वर तळहात दाबले, आणि ते खिळ्याकडे तोंड करून उभे राहिले, मी उभा होतो तिथंच. मी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. टाच उचलली. बाबाची आठवण करून, फार जोरात नाही, फळीवर आपटली.

डॉक्टर वळले.

ते वळले आणि आपण वळलो हे त्यांना मागाहून कळलं, अगदी माझ्यासारखं. तळहात अजून कानांवर होते. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मोठं माणूस लहान पोर होताना कोणी बघितलं असेल तर त्याला कळेल. त्यांचे ओठ हलले आणि मला ते स्पष्ट दिसलं. "वळलो," ते म्हणाले, "वळलो मी." आणि हसायला लागले. मला म्हणाले, परत. मी परत आपटली. ते परत वळले. भाऊसाहेब हसले, मी हसलो, आणि आम्ही तीन माणसं दार लावलेल्या सरकारी खोलीत, दोघं अनवाणी, फळ्यांवर टाचा मारत हसत होतो. मग डॉक्टर तसेच अनवाणी टेबलाशी बसले, टाक बुडवला आणि लिहिलं. या वेळी ओळी पुष्कळ होत्या. लिहीत असताना त्यांच्या पायांची बोटं टेबलाखाली फळी चाचपत होती. कागद भाऊसाहेबांकडे देऊन त्यांनी माझ्या पाटीवरचा जुना प्रश्न पुसला, हातानंच, आणि त्या जागी लिहिलं: पूर्ण बहिरा. निवृत्ती मंजूर व्हावी. पुढं काय करणार? मी म्हणालो, भावाच्या होडीवर जाणार. त्यांनी मान हलवली, त्यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटलं नाही. आमच्या निरोपात नमस्कार कोणी आधी केला ते मला सांगता येणार नाही, बहुतेक त्यांनीच.

जिना मी बूट हातात घेऊन उतरलो. हे बूट जिवल्याला द्यायचे, एवढं ठरलं होतं. पायरीपायरीला कचेरी माझ्या तळव्यांखाली होती, वर कोणी खुर्ची सरकवली, कोणी चालत खिडकीपाशी गेलं, सगळं येत होतं. डोक्यातली शिट्टी वाजत होतीच. वाजू दे म्हटलं, आता ती आपली. नलू चिंचेखाली उभी होती. मला बघून तिनं भुवया उडवल्या नाहीत, बोंबलांची पाटी घट्ट धरून ठेवली. तिला हातानं सांगायचं, असं मी जिन्यात ठरवलं होतं, पण एका हातात बूट होते, दुसऱ्यात दगडी पाटी. मग मी तोंडानं सांगितलं. हळूच सांगायला गेलो, तिच्यापुरतं.

"नलू, मी बहिरा हाय!"

केवढा आवाज निघाला ते मला कसं कळणार. पण पोस्टमन सायकलवरून उतरला. सुपारी तोलणाऱ्याच्या हातातला तराजू तसाच राहिला. कचेरीच्या खिडक्यांत कारकून आले, वरच्या खिडकीत डॉक्टर आले, बसायला निघालेली म्हातारी टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. बाजार सगळा माझ्याकडे वळला होता, नलू तोंडाला पदर लावून हसत होती, आणि टांग्याचा घोडासुद्धा मान वळवून बघत होता.